कॅनडातले हेट स्पीच कायदे आणि ते रद्द करण्याचा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात शिकायला गेलेली मुलं, ब्रॅम्प्टन-मिसिसागात स्थायिक झालेली कुटुंबं आणि इकडे पुण्या-नाशकात बसून काळजी करणारे त्यांचे आईवडील, या सगळ्यांकडून या विषयावर सतत प्रश्न येतात. बरेचसे प्रश्न फॉरवर्ड झालेल्या अर्धवट बातम्यांमधून निघालेले असतात. तेच ते पुन्हा सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कॅनडाचा "हेट स्पीच कायदा" म्हणजे नेमका कोणता? एकच कायदा आहे का?

एकच नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार फौजदारी. कॅनडाच्या दंडसंहितेचं कलम ३१८ वंशसंहाराचा पुरस्कार करण्याबद्दल आहे. कलम ३१९(१) सार्वजनिक ठिकाणी, शांतताभंग होईल अशा रीतीने द्वेष भडकवण्याबद्दल आहे. कलम ३१९(२) जाणूनबुजून द्वेष पसरवण्याबद्दल आहे, आणि वाद मुख्यतः याच उपकलमावर होतो. ३१८ साठी कमाल शिक्षा पाच वर्षं, ३१९ साठी दोन वर्षं.

दुसरा प्रकार मानवी हक्क कायद्याचा. त्यात तुरुंग नाही. तक्रार, सुनावणी, मनाईचा आदेश, फार तर दंड. केंद्राच्या मानवी हक्क कायद्यात असं कलम १३ होतं. ते आता नाही (प्रश्न ७ पाहा). सस्कॅचवन, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया अशा काही प्रांतांच्या कायद्यांत मात्र तशाच तरतुदी अजून आहेत.

म्हणून कोणी "हा कायदा रद्द करा" म्हणालं, की आधी विचारायचं: कोणता?

२. "कॅनडाने हेट स्पीच कायदा रद्द केला" अशी पोस्ट फिरते. खरी की खोटी?

अर्धी खरी. संसदेने कलम १३ रद्द केलं, त्याला २०१३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली आणि एका वर्षाने ते अंमलात आलं. फौजदारी कलमं ३१८ आणि ३१९ जशीच्या तशी राहिली, उलट त्यानंतर त्यांची व्याप्ती वाढली. त्या पोस्टवर विसंबून कोणी तिथे वाटेल ते लिहू नये.

३. मुळात हा कायदा आला कुठून?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टोरंटो आणि इतर शहरांत ज्यूंविरुद्ध आणि कृष्णवर्णीयांविरुद्ध नाझी धर्तीची पत्रकं वाटली जात होती. महायुद्ध संपून जेमतेम वीस वर्षं झाली होती. छळछावण्यांतून वाचून आलेली माणसं त्याच गल्ल्यांत राहत होती आणि पत्रकं त्यांच्याही दारात पडत होती. १९६५ मध्ये सरकारने मॅकगिल विद्यापीठाच्या विधी शाखेचे डीन मॅक्सवेल कोहेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सदस्यांत मॉन्ट्रियलचे एक कायद्याचे प्राध्यापक होते, पिएर ट्रूडो, पुढे पंतप्रधान झाले तेच. समितीच्या शिफारशींवरून १९७० मध्ये ही कलमं दंडसंहितेत आली.

सुरुवातीला संरक्षण फक्त वर्ण, वंश, धर्म आणि वांशिक मूळ यांवरून ओळखल्या जाणाऱ्या गटांना होतं. २००४ मध्ये लैंगिक कल, २०१४ मध्ये राष्ट्रीय मूळ, वय, लिंग आणि अपंगत्व, तर २०१७ मध्ये लिंगओळख आणि तिची अभिव्यक्ती यांची भर पडली.

४. कलम ३१९(२) खाली माणूस अडकायला काय काय सिद्ध व्हावं लागतं?

बरंच काही. या कलमाला चार फाटकं आहेत आणि रद्द करण्याच्या वादात बाजू घेण्याआधी ती समजून घ्यायला हवीत.

पहिलं फाटक हेतूचं. बोलणाऱ्याचा उद्देशच द्वेष पसरवण्याचा होता, किंवा तसं होणार हे त्याला जवळजवळ नक्की ठाऊक होतं, हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं असतं. बेफिकिरीने, रागाच्या भरात बोललेलं पुरत नाही.

दुसरं, खासगी संभाषण वगळलेलं आहे (व्हॉट्सअ‍ॅपबद्दल प्रश्न १४).

तिसरं फाटक बचावांचं. विधान खरं असेल तर गुन्हा नाही. धार्मिक विषयावरचं मत प्रामाणिकपणे मांडलं असेल तर गुन्हा नाही. सार्वजनिक हिताच्या विषयावर, वाजवी कारणांनी खरं मानून बोललं असेल तर नाही. आणि द्वेष दूर व्हावा म्हणून कोणी द्वेषपूर्ण मजकूर दाखवून दिला, तर तोही गुन्हा नाही.

चौथं फाटक, खटला भरायला अ‍ॅटर्नी जनरलची, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याची, संमती लागते. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून पोलीस चौकीत जाऊन हे कलम लावून घेता येत नाही.

अधूनमधून एखादा खटला गाजतो आणि घरोघरी धाडी पडत असाव्यात असं चित्र तयार होतं. प्रत्यक्षात या कलमाखालचे खटले अगदी मोजके आहेत, आणि त्याचं कारण ही चार फाटकं.

५. पण "द्वेष" मोजायचा कसा? कोणाला वाईट वाटलं म्हणजे द्वेष झाला का?

नाही. २०१३ च्या व्हॉटकॉट निकालात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध शून्य मतांनी हे स्पष्ट केलं. प्रकरण सस्कॅचवनचं होतं. तिथल्या एका माणसाने समलिंगी लोकांविरुद्ध पत्रकं घरोघरी टाकली होती. न्यायमूर्ती रॉथस्टीन यांनी लिहिलं की द्वेष म्हणजे टोकाची घृणा, एखाद्या गटाला माणसातून उठवणारी निंदा. नापसंती किंवा तुच्छता तिथवर पोचत नाही. प्रांताच्या कायद्यात "उपहास करणं, कमी लेखणं, प्रतिष्ठेला धक्का लावणं" असे शब्द होते, ते न्यायालयाने काढून टाकले. उरलेली तरतूद वैध ठरवली. चारपैकी दोन पत्रकं या व्याख्येत बसली, दोन बसली नाहीत. एकाच माणसाने एकाच रागातून लिहिलेले कागद, तरी निकाल वेगळा. रेघ अशी ओढली जाते. ती धूसर आहे असं रद्दवाद्यांचं म्हणणं, आणि तिथे दम आहे.

६. कीगस्ट्रा खटल्याचं नाव सारखं येतं. काय झालं होतं?

अल्बर्टातलं एकविल हे लहानसं गाव. तिथल्या हायस्कुलात जेम्स कीगस्ट्रा समाजशास्त्र शिकवायचा. गावाचा तो महापौरही होता. वर्गात तो सांगायचा की जगातल्या सगळ्या उलथापालथीमागे ज्यूंचा कट आहे आणि होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, ही त्यांनी सहानुभूतीसाठी रचलेली गोष्ट आहे. मुलांनी हे नुसतं ऐकून सोडायचं नव्हतं, परीक्षेत लिहायचं होतं. जो लिहील त्याला गुण, न लिहिणाऱ्याचे गुण कापले जात.

हे वर्षानुवर्षं चाललं. एका आईने मुलाच्या वहीतल्या नोंदी वाचल्या आणि ती शाळा प्रशासनाकडे गेली, तेव्हा प्रकरण उघड्यावर आलं. मला या खटल्यात सगळ्यात जास्त टोचते ती ती वही. मुलाने सुवाच्य अक्षरात, शिक्षकाने सांगितलं म्हणून उतरवून घेतलेला द्वेष, आणि खाली मिळालेले गुण.

१९८२ मध्ये त्याची नोकरी गेली, १९८४ मध्ये ३१९(२) खाली आरोप लागला. ज्युरीने दोषी ठरवलं, अल्बर्टाच्या अपील न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. डिसेंबर १९९० मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी कायदा टिकला. सरन्यायाधीश डिक्सन यांनी मान्य केलं की हे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालतं. पण हक्कांच्या सनदेच्या कलम १ प्रमाणे मुक्त आणि लोकशाही समाजात समर्थनीय ठरेल अशी वाजवी मर्यादा घालता येते, आणि ही त्यात बसते असं त्यांनी ठरवलं. पुढे फेरखटला, पुन्हा अपील असं होत १९९६ मध्ये त्याची शिक्षा कायम झाली. तुरुंगवास त्याला प्रत्यक्षात भोगावा लागला नाही.

दुसऱ्या बाजूने न्यायमूर्ती मॅक्लॉक्लिन यांचं विरोधी मत होतं. त्यांचा मुद्दा असा की इतकी रुंद जाळी टाकली की निरुपद्रवी बोलणारेही घाबरून गप्प बसतात, आणि खटल्यामुळे द्वेष पसरवणाऱ्याला फुकट प्रसिद्धी मिळते. हिटलरपूर्व जर्मनीतही असे कायदे होते आणि वापरले जात होते, त्याने काय थांबलं, असंही त्यांनी लिहिलं. रद्द करा म्हणणारे आजही त्याच निकालपत्राचा आधार घेतात. एक गोष्ट मात्र ते सांगत नाहीत. याच मॅक्लॉक्लिन पुढे सरन्यायाधीश झाल्या आणि व्हॉटकॉटच्या एकमुखी निकालात (प्रश्न ५) सहभागी होत्या.

७. कलम १३ का आणि कसं रद्द झालं?

हे नीट पाहायला हवं, कारण रद्द करण्याची मोहीम प्रत्यक्षात यशस्वी झाली ती इथेच.

१९७७ चं कलम १३ मुळात टेलिफोनसाठी होतं. टोरंटोत जॉन रॉस टेलर नावाचा माणूस लोकांना एक नंबर द्यायचा, तो फिरवला की ज्यूंविरुद्धचा ध्वनिमुद्रित संदेश ऐकू यायचा. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खटल्यात हे कलम १९९० मध्ये, कीगस्ट्राच्याच दिवशी आणि तितक्याच काठावरच्या बहुमताने टिकवलं. २००१ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर आलेल्या दहशतवादविरोधी कायद्याने ते इंटरनेटला स्पष्टपणे लागू केलं. टेलिफोनपुरतं जे चाललं, ते संपूर्ण इंटरनेटवर आलं आणि गणित बदललं.

प्रश्न ४ मधली फाटकं इथे नव्हती. हेतू सिद्ध करावा लागत नसे. "मी खरंच बोललो" हा बचाव चालत नसे. मजकुरामुळे कोणी द्वेषाला किंवा तुच्छतेला सामोरं जाण्याची शक्यता आहे, एवढं पुरेसं होतं. २००७ मध्ये मॅक्लिन्स या साप्ताहिकाविरुद्ध मार्क स्टाइन यांच्या इस्लामविषयक लेखावरून तक्रारी झाल्या. त्या फेटाळल्या गेल्या, पण देशातल्या एका मोठ्या साप्ताहिकाला लेखाबद्दल सुनावणीत उभं राहावं लागलं हे पाहून पत्रकार हादरले. खुद्द मानवी हक्क आयोगाने प्राध्यापक रिचर्ड मून यांना अहवाल द्यायला सांगितलं, आणि २००८ मध्ये त्यांनी शिफारस केली: कलम १३ काढा, इंटरनेटवरचा द्वेष फक्त फौजदारी कायद्याने हाताळा.

मग अल्बर्टाचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार ब्रायन स्टोरसेथ यांनी सी-३०४ हे अशासकीय विधेयक आणलं. अशी विधेयकं सहसा वाटेतच विरतात. हे मात्र जून २०१२ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये १५३ विरुद्ध १३६ मतांनी मंजूर झालं. बहुतेक विरोधक विरुद्ध गेले, न्यू फाउंडलंडचे लिबरल खासदार स्कॉट सिम्स यांनी बाजूने मत दिलं. वर्षभराने सिनेटचीही संमती मिळाली.

८. रद्द करा म्हणणारे सगळे वंशवादी किंवा अतिउजवे असतात का?

नाही, आणि असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. अ‍ॅलन बोरोवॉय यांचं उदाहरण घ्या. कॅनेडियन सिव्हिल लिबर्टीज असोसिएशनचे ते चार दशकं प्रमुख वकील होते, स्वतः ज्यू, आणि मानवी हक्क आयोग उभे राहावेत म्हणून आयुष्यभर झटलेले. त्यांनीच या आयोगांच्या हातात भाषणावरची सेन्सॉरशिप देऊ नये असं ठामपणे सांगितलं आणि ३१९(२) लाही विरोध केला. त्यांची भीती एकच होती: सत्ता बदलते, कायदा तोच राहतो.

दुसऱ्या टोकाला मॅक्सिम बर्निए यांचा पीपल्स पार्टी ऑफ कॅनडा. दंडसंहितेतली हेट स्पीचची व्याख्या उघडपणे बळाच्या वापराचा पुरस्कार करण्यापुरती आणावी, असं त्यांच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात होतं. म्हणजे कलम संपूर्ण काढायचं नाही, पण इतकं आकसायचं की कीगस्ट्राही सुटेल. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने कलम १३ घालवलं आणि नव्या विधेयकांना (प्रश्न ११) तो कडाडून विरोध करतो. तरी या तिघांना एका टोपलीत टाकलं तर वाद कळणारच नाही.

९. कायदा ठेवा म्हणणाऱ्यांचं काय म्हणणं आहे?

२९ जानेवारी २०१७, क्यूबेक सिटीच्या मशिदीत सहा जणांना गोळ्या घालून मारलं. जून २०२१, ऑन्टारियोतल्या लंडन शहरात संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबावर ट्रक घातला, तीन पिढ्यांतली चार माणसं गेली, एक लहान मुलगा वाचला. अशा घटनांनंतर "शब्दांनी काय होतं" हे वाक्य त्या वस्त्यांमध्ये कोणी तोंडावर म्हणू शकत नाही.

कायद्याच्या बाजूचा युक्तिवाद त्याच्याही पलीकडे जातो. व्हॉटकॉट निकालात न्यायालयाने म्हटलं की द्वेषाचं भाषण ज्या गटाविरुद्ध असतं त्या गटाला ते गप्प करतं. आपण या समाजाचे खरे सदस्य आहोत हेच आधी सिद्ध करत बसावं लागलं, तर तो माणूस चर्चेत भाग घेणार कधी? अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं तराजू दोन्ही पारड्यांत अभिव्यक्ती ठेवून तोलायचं असतं, असा हा मुद्दा आहे. मला तो पटतो.

१०. हा कायदा अल्पसंख्याकांवरच उलटतो असं म्हणतात. एखादं खरं उदाहरण आहे का?

आहे, आणि अगदी सुरुवातीच्याच खटल्यांपैकी ते एक आहे. १९७० च्या दशकात ऑन्टारियोच्या एसेक्स काउंटीत फ्रेंच भाषकांसाठी स्वतंत्र हायस्कूल हवं की नको यावरून वाद पेटला होता. बुझांगा आणि ड्युरोशे हे दोघे फ्रेंच शाळेच्या बाजूचे कार्यकर्ते. आपले लोक थंड आहेत, त्यांना जाग आणावी म्हणून त्यांनी फ्रेंच भाषकांविरुद्धच एक विखारी पत्रक लिहून वाटलं. जणू शत्रूनेच ते काढलं आहे. त्यांना वाटलं, हे वाचून लोक चिडतील आणि शाळेच्या मागे उभे राहतील.

अटक त्यांनाच झाली. फ्रेंच भाषकांविरुद्ध द्वेष पसरवल्याबद्दल फ्रेंच शाळेसाठी झगडणारे दोघे दोषी ठरले. १९७९ मध्ये ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला, आणि "जाणूनबुजून" या शब्दाचा जो कडक अर्थ तिथे लावला गेला तोच प्रश्न ४ मधलं पहिलं फाटक झाला. दोघा भाबड्या कार्यकर्त्यांना झालेल्या त्रासातून पुढच्या सगळ्या आरोपींना संरक्षण मिळालं.

दुसरं उदाहरण डेव्हिड अहेनाक्यू यांचं. कॅनडातल्या मूळ आदिवासी समाजांच्या महासभेचे ते माजी प्रमुख. एका पत्रकाराशी बोलताना त्यांनी ज्यूंबद्दल भयंकर विधानं केली, २००५ मध्ये दोषी ठरले, अपिलात निकाल फिरला आणि फेरखटल्यात २००९ मध्ये सुटले. विधानं किळसवाणी, पण द्वेष पसरवण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

११. सरकार तर कायदा कडक करत आहे, मग रद्द करण्याची चर्चा कशाला?

दोन्ही एकमेकांना बळ देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये लिबरल सरकारने सी-६३ विधेयक आणलं. त्यात वंशसंहाराच्या पुरस्कारासाठी थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा, कोणी पुढे द्वेषाचा गुन्हा करेल या भीतीपोटी आधीच बंधपत्र घेण्याची सोय, आणि कलम १३ चं पुनरागमन, तेही पीडिताला २० हजार डॉलरपर्यंत भरपाई आणि सरकारला ५० हजारांपर्यंत दंड यांसह. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेच्या चांगल्या तरतुदी याच गाठोड्यात बांधल्या गेल्या होत्या. विरोध इतका वाढला की सरकारलाच विधेयक विभागायची तयारी दाखवावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये संसदेचं अधिवेशन संस्थगित झालं आणि विधेयक बारगळलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायमंत्री शॉन फ्रेझर यांनी सी-९ आणलं. प्रार्थनास्थळं, शाळा अशा जागी येणाऱ्यांना धमकावणं किंवा अडवणं हा गुन्हा, द्वेषाने प्रेरित अपराधासाठी स्वतंत्र गुन्हा, द्वेष पसरवण्यासाठी नाझी किंवा दहशतवादी चिन्हं दाखवण्यावर बंदी, आणि द्वेषाची व्याख्या कायद्यातच. देवळासमोर, मशिदीसमोर भाविकांना अडवू नये याला क्वचितच कोणाचा विरोध असेल. पण मूळ मसुद्यात अ‍ॅटर्नी जनरलची संमती काढून टाकण्याचंही कलम होतं. म्हणजे प्रश्न ४ मधलं चौथं फाटक.

१२. धर्मग्रंथात आहे ते वाचून दाखवलं तर गुन्हा होतो का?

१९७० पासून चालत आलेल्या कायद्यात, प्रामाणिकपणे धार्मिक विषयावर मत मांडणं हा बचाव आहे. तो सर्वांना सारखाच, मग चर्च असो, मशीद असो वा मंदिर. पण धर्माचा मुलामा लावून काहीही खपत नाही. १९९० च्या दशकात टोरंटोत एका पाद्र्याने मुस्लिमांविरुद्ध पत्रकं वाटली आणि हा बचाव मागितला, न्यायालयांनी तो मानला नाही.

ब्लॉक केबेक्वा हा पक्ष ही मुभा काढून टाकण्यामागे बराच काळ लागला आहे, विशेषतः २०२३ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका निदर्शनात एका धर्मोपदेशकाने केलेल्या प्रार्थनेवर गुन्हा दाखल झाला नाही तेव्हापासून. डिसेंबर २०२५ मध्ये संसदीय समितीत लिबरल आणि ब्लॉक सदस्यांनी मिळून सी-९ मध्ये तशी दुरुस्ती केली. कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्यांनी विरोध केला, कॅथलिक बिशपांच्या परिषदेने पंतप्रधान कार्नी यांना पत्र लिहिलं.

१३. आमच्या दारावर स्वस्तिक आहे. काढावं का?

काढू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, दिवाळीच्या आसपास तर रोज. सी-९ विधेयकातला (प्रश्न ११) गुन्हा चिन्ह असण्याचा नाही, ओळखता येण्याजोग्या गटाविरुद्ध द्वेष पसरवण्यासाठी ते सार्वजनिकपणे दाखवण्याचा आहे. शिवाय धर्म, शिक्षण, कला, पत्रकारिता अशा रास्त कारणांना बचाव दिला आहे. उंबरठ्यावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक, वास्तुशांतीच्या कलशावरचं स्वस्तिक यात कुठेच बसत नाही.

तरीही हिंदू, बौद्ध आणि जैन संघटनांचा आग्रह रास्त आहे की नाझी चिन्हाला त्याच्या जर्मन नावानेच, हाकेनक्रॉइत्स म्हणावं. तेव्हाचे खासदार चंद्र आर्य यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सभागृहात हेच मांडलं होतं. कायद्याचा खुलासा शेजाऱ्यापर्यंत पोचत नाही, शब्द पोचतो. घर भाड्याने असेल तर मालकाला आधीच दोन मिनिटं काढून समजावून सांगा, याचा उपयोग होतो.

१४. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे "खासगी संभाषण" धरतात का?

कलमात त्याची व्याख्या नाही. न्यायालय पाहतं की बोलणाऱ्याला ते खासगी ठेवायचं होतं का आणि परिस्थिती तशी होती का. चार मित्रांचा ग्रुप एक, आणि लिंक कोणालाही मिळेल असा दोनशे जणांचा ग्रुप वेगळा. फेसबुकवरची सार्वजनिक पोस्ट तर खासगी मुळीच नाही. फॉरवर्ड "मी लिहिलेलं नाही" म्हणून सुटत नाही, कारण कायदा लिहिण्याबद्दल नाही, पोचवण्याबद्दल आहे.

१५. होलोकॉस्ट झालाच नाही असं म्हणणं गुन्हा आहे का?

नुसतं खोटं बोलणं गुन्हा नाही. खोट्या बातम्यांविरुद्धचं जुनं कलम १८१ सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये होलोकॉस्ट नाकारणाऱ्या त्झ्युंडेलच्या खटल्यात रद्दबातल ठरवलं, तेही चार विरुद्ध तीन. मात्र २०२२ पासून ३१९(२.१) आहे: होलोकॉस्ट नाकारून, त्याचं समर्थन करून किंवा तो क्षुल्लक ठरवून जाणूनबुजून ज्यूद्वेष पसरवणं हा गुन्हा. बचाव जवळपास प्रश्न ४ सारखेच. हे कलम वेगळ्या विधेयकातून न आणता अर्थसंकल्पाच्या अंमलबजावणीच्या विधेयकात टाकून मंजूर केलं. इतक्या गंभीर विषयावर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी होती.

१६. उद्या ३१९ रद्द झालंच, तर काहीही बोलता येईल?

नाही. धमकी, छळ, गुन्ह्यास चिथावणी, प्रार्थनास्थळाची नासधूस हे सगळे वेगळे गुन्हे आहेत आणि राहतील. कोणताही गुन्हा द्वेषातून केला असेल तर शिक्षा वाढते. बदनामीचा दिवाणी दावा लावता येतो. मोकळी होईल ती मधली पट्टी: कोणा एकाला धमकी नाही, थेट चिथावणी नाही, पण एका अख्ख्या समाजाला उंदीर, झुरळ, रोग ठरवणारं शांत, पद्धतशीर लिखाण. कीगस्ट्राचा वर्ग याच पट्टीत होता.

१७. तुमचं स्वतःचं मत काय?

विचारणारे इतके आहेत की टाळणं बरोबर नाही. कलम १३ गेलं ते योग्य झालं आणि ते परत आणू नये. ३१९(२) राहावं, पण चारही फाटकांसकट. कायदा रद्द करणारे मला जितके चिंतेत टाकतात, तितकेच एकेक फाटक हळूच उचकटणारेही. अ‍ॅटर्नी जनरलची संमती गेली की ज्याचा वकील दांडगा त्याचं फावतं, आणि परक्या देशात नव्याने आलेल्या आपल्या लोकांचे वकील दांडगे नसतात.

१८. भारतातल्या कलमांपेक्षा हे वेगळं कसं?

आपल्याकडचं जुनं १५३अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, गटांमधलं शत्रुत्व वाढवण्याबद्दल आहे. तिथेही न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. मोठा फरक जुन्या २९५अ, आताच्या २९९ चा. धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा, १९२७ पासून. कॅनडात त्याला समांतर काही नाही. तिथे धर्मावर कितीही बोचरी टीका करता येते, कायदा माणसांच्या गटाचं संरक्षण करतो, श्रद्धेचं नाही. आपले लोक इथे हमखास चुकतात आणि "देवाचा अपमान झाला" म्हणून पोलिसांकडे जाऊन निराश होतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रवासी भलाई संघटन खटल्यात व्हॉटकॉट निकालाचा आधार घेतला होता, हेही माहीत असलेलं बरं.

१९. एखादा प्रांत हे कायदे रद्द करू शकतो का?

फौजदारी कायदा केंद्राचा, त्यामुळे ३१९ ला हात लावू शकते फक्त ओटावातली संसद. स्वतःच्या मानवी हक्क कायद्यातली तरतूद प्रांत काढू शकतो.

२०. मुलगा स्टुडंट व्हिसावर आहे. दोषी ठरला तर परत पाठवतात का? आणि भारतात असताना केलेली पोस्ट मोजतात का?

पहिल्याचं उत्तर हो, पाठवू शकतात. ३१९(२) चा खटला सौम्य किंवा गंभीर अशा दोन्ही पद्धतींनी चालवता येतो, आणि कॅनडाचा स्थलांतर कायदा अशा गुन्ह्याला गंभीर पद्धतीचाच धरतो. त्यामुळे विद्यार्थी किंवा वर्क परमिटवरचा माणूस, नुसता दंड झाला तरी, प्रवेशास अपात्र ठरू शकतो. पीआर (कायम रहिवासी) असलेल्याला थोडी जास्त मोकळीक आहे, त्याच्याबाबतीत सहा महिन्यांहून अधिक तुरुंगवास झाला तर प्रश्न येतो. वकिलाचा सल्ला न घेता लहानसा गुन्हा समजून कबुली देऊ नका.

दुसऱ्याचं उत्तर: साधी पोस्ट सहसा नाही, पण देशाबाहेरचं भाषण आहे म्हणून सूट मिळते असंही नाही. लेऑन मुगेसेरा यांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये रवांडात तुत्सींविरुद्ध भाषण केलं, नंतर ते कॅनडात येऊन पीआर झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या हकालपट्टीचा आदेश कायम केला, आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांना विमानात बसवून किगालीला पाठवण्यात आलं.